नेम, चष्मा आणि एक दाखला

वाचकहो, या पाक्षिकातून मी आजवर गुडघेदुखी, मधुमेह, निद्रानाश यांविषयी पुष्कळ लिहिले. आज पिस्तुलाविषयी लिहिणार आहे. दचकू नका. गेली चार वर्षे दर रविवारी सकाळी मी नेमबाजीच्या सरावाला जाते आणि अलीकडे नवशिक्यांना शिकवण्यातही थोडा हातभार लावते. माझ्याबरोबर शिकणाऱ्यांत साठी ओलांडलेले चार-पाच जण आहेत. ‘डॉक्टर, या वयात हे चालेल का? आणि घ्यायचे तर कोणते पिस्तूल घ्यावे?’ असे दवाखान्यात अनेकदा विचारले जाते. त्याचे उत्तर सविस्तर देण्याचे मनात होते. ते देताना आणखी एक गोष्ट सांगावी लागणार आहे. ती सांगायला मी सहा-सात महिने घेतले.

मी कोल्हापूरची. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवणाऱ्या राही सरनोबत इथल्याच, तेजस्विनी सावंतही इथल्याच. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलमध्ये कांस्यपदक जिंकणारे स्वप्नील कुसाळे आमच्याच जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याचे. तेव्हा नेमबाजी हा खेळ इथे कुणाला नवा नाही. मला मात्र तो पन्नाशीपर्यंत नवाच होता. एकोणपन्नासाव्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. ‘फ्रोझन शोल्डर’ या शब्दाने मी शेकडो रुग्णांना धीर दिला होता. स्वतःला वेणी घालता येईना, तेव्हा त्याचा अर्थ कळला. वर्षभराच्या व्यायामाने खांदा सुटला, पण हात खांद्याच्या रेषेत वर उचलून धरण्याचा विश्वास परत येत नव्हता. त्या सुमारास माझे जुने रुग्ण, सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार, रक्तदाब तपासून घ्यायला आले होते. त्यांना आम्ही सारे सुभेदारकाका म्हणतो. सैन्यात त्यांनी रिक्रूटांना शिकवण्याचे काम केले होते आणि निवृत्तीनंतर एका क्लबच्या रेंजवर ते नवशिक्यांना विनामोबदला शिकवत. माझी तक्रार ऐकून ते म्हणाले, “डॉक्टरबाई, रविवारी या. किलोभर वजन हात लांब करून धरायचं, आन् हलू द्यायचं न्हाई. तुमच्या त्या फिजिओथेरपीवाल्यालाबी आवडंल.”

मी गेले ती थेट पॉइंट टू टूच्या मोहात पडले. ०.२२ इंच कॅलिबरचे हे पिस्तूल बंदुकीच्या जगात सर्वांत लहानांपैकी गणले जाते, पण त्याला खरे काडतूस लागते, खरा आवाज होतो. हवेचे पिस्तूल मला जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या बंदुकीसारखे वाटले होते. काकांनी वाद घातला नाही. क्लबचे पॉइंट टू टू माझ्या हाती दिले, कानांवर मफ चढवले आणि दहा गोळ्या झाडायला सांगितल्या. प्रत्येक वेळी काडतूस ते स्वतः भरत होते. पाचव्या वेळी चाप ओढला आणि आवाजच झाला नाही. त्यांनी मला न सांगता रिकामी पुंगळी भरली होती. आवाज झाला नाही, धक्का बसला नाही, तरी पिस्तुलाचे तोंड माझ्या डोळ्यांदेखत चांगले बोटभर खाली गेले. आवाजाच्या धास्तीने माझे मनगट गोळी सुटण्याआधीच दचकत होते. “आता कळलं नेम कुठं जातोय?” एवढेच ते म्हणाले आणि पिस्तूल काढून घेतले.

पहिले पिस्तूल हवेचे असावे, याचे खरे कारण हे आहे. बिनधोक म्हणून आपण ते घेतो असे पुष्कळांना वाटते, आणि ते अर्धेच खरे आहे. हवेच्या पिस्तुलातून ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ०.१७७ इंचाचा, अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सुटतो. धक्का जवळपास नसतो, आवाज टाळीएवढा. त्यामुळे शिकणाऱ्याला स्वतःची चूक दिसते. धक्क्याच्या आणि आवाजाच्या आड ती लपत नाही. पॉइंट टू टूची गोळी मोकळ्या रानात दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तिच्यासाठी परवाना, मागे मातीचा भक्कम बांध आणि कानांचे संरक्षण अनिवार्य. तिचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो आणि श्रवणशक्ती एका सकाळीही कायमची बिघडवू शकतो. आपण श्रवणयंत्र वापरत असाल तर ते काढून मफ लावा आणि शेजारच्या माणसाला सांगून ठेवा, की हुकूम ऐकू येणार नाही, खांद्याला हात लावून थांबवा. हवेच्या पिस्तुलाला, कॅलिबर ०.१७७ पर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर, २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पण ‘परवाना लागत नाही’ याचा अर्थ ‘नातवंडांच्या हाती द्यायला हरकत नाही’ असा घेऊ नका. तो अर्ध्या ग्रॅमचा छर्रा डोळा कायमचा घालवतो.

आता निवडीविषयी. दुकानात दिसणारी स्वस्त, स्प्रिंगची पिस्तुले मी कुणालाही सुचवत नाही. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच आतली स्प्रिंग पिस्तूल हलवते आणि चाप इतका जड व खडबडीत असतो, की तो ओढता ओढता सगळा हातच वळतो. सरावाच्या पिस्तुलांत दोन जाती. एकात प्रत्येक वेळी तरफ ओढून हवा भरावी लागते. साठ वेळा ती तरफ ओढणे हे अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्या माणसाचे काम नव्हे. दुसऱ्यात दाबाने भरलेल्या हवेची नळकांडी असते आणि नेमबाजाला फक्त छर्रा भरायचा असतो. ती महाग आहेत. स्टायर, मोरिनी, वॉल्थर ही नावे ऐकून लगेच खरेदी करू नका. वर्षभर क्लबचेच वापरा. मी तेच केले.

किमतीपेक्षा मूठ महत्त्वाची. स्पर्धेच्या पिस्तुलांची लाकडी मूठ तळहाताच्या मापाने घडवलेली असते आणि लहान, मध्यम, मोठी अशा आकारांत, डाव्या व उजव्या हातासाठी वेगळी मिळते. माझा हात लहान. क्लबच्या मध्यम मुठीत माझी तर्जनी चापापर्यंत पोचण्यासाठी मनगट वळवावे लागे, आणि छर्रे इमानाने डावीकडे जात. मापाची परीक्षा सोपी आहे. रिकामे पिस्तूल घेऊन, तोंड लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून, डोळे मिटा. हात सवयीच्या उंचीला आणा. डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर मूठ आपली. नाहीतर कितीही देखणे असले तरी ते दुसऱ्याचे पिस्तूल आहे. वजनाची नियमाने कमाल मर्यादा १५०० ग्रॅम, पण बहुतेक पिस्तुले किलोच्या आतबाहेर असतात. खांदा नुकताच सुटलेला असेल, मानेच्या मणक्यातून हाताला मुंग्या येत असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि सुरुवात पाण्याची अर्धा लिटरची बाटली धरून करा. हे हास्यास्पद वाटेल. मी महिनाभर स्वयंपाकघरात तेच करत होते आणि घरचे हसत होते.

साठीनंतरच्या शिकाऊंची खरी अडचण हातात नसते, चष्म्यात असते. तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या: मागची खाच, पुढची माशी आणि १० मीटरवरचे काळे वर्तुळ. तिन्ही एकाच वेळी स्पष्ट पाहणे कोणत्याही वयाच्या डोळ्याला शक्य नाही. पाहायची ती माशी. वर्तुळ धूसर दिसले तरी चालते, किंबहुना ते धूसरच दिसायला हवे. माशी डोळ्यापासून हातभर लांब असते आणि आपला वाचनाचा चष्मा त्याहून बराच जवळचे पाहण्यासाठी केलेला असतो. बायफोकलमधून पाहण्यासाठी मान वर करावी लागते, की उभे राहण्याचा तोल गेलाच. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे जाताना हात लांब करून माशीचे अंतर मोजून न्या आणि त्या अंतरासाठी एकाच नंबराचा साधा चष्मा करून घ्या. मोतीबिंदू पिकत असेल तर आधी तो काढा. पॅरिसमध्ये तुर्कस्तानचे युसुफ दिकेच यांनी ५१ व्या वर्षी साध्या चष्म्यानिशी, एक हात खिशात ठेवून, हवेच्या पिस्तुलाच्या मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक मिळवले. ते छायाचित्र आपण पाहिले असेलच. मी ते रेंजवर चिकटवले आहे.

हाताच्या कंपाविषयी दोन शब्द. थोडा कंप प्रत्येक हातात असतो. तो थांबवण्याचा प्रयत्न करणारा नेमबाज शेवटी चाप झटक्याने ओढतो. हात हलत असतानाच चाप सावकाश, सरळ मागे घेत राहायचे. स्पर्धेच्या हवेच्या पिस्तुलाचा चाप ओढायला कमीत कमी ५०० ग्रॅम एवढा दाब लागतो. हा दाब वाढवत न्यायचा, आणि सहा-आठ सेकंदांत छर्रा सुटला नाही तर हात खाली घ्यायचा. हे शेवटचे मी डॉक्टर म्हणून पुन्हा सांगते, कारण श्वास कोंडून कुंथत उभे राहणे रक्तदाबाच्या रुग्णाला मुळीच योग्य नाही. आणि प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेऊन हात स्थिर करण्याचा विचार मनात आणू नका. नेमबाजीत त्यांना बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू यांची दोन पदके याच औषधामुळे काढून घेतली गेली. मात्र हृदयविकारासाठी किंवा रक्तदाबासाठी आपल्याला त्या दिल्या असतील, तर छंदापायी स्वतःहून बंद करण्याइतका धोकादायक मूर्खपणा दुसरा नाही. आपल्याला पदक नकोच आहे. गोळ्या घ्या, नेमही धरा. जाता जाता, छर्रे शिशाचे असतात. रेंजवर खाऊ नका आणि चहाच्या कपाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.

काकांची शिकवण्याची पद्धत आता माझीही झाली आहे. पहिले तीन दिवस छर्रा नाही. पहिल्या दिवशी तर पिस्तूलही नाही: तोंड नेहमी लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, प्रत्येक हत्यार भरलेलेच आहे असे समजायचे, आणि ‘स्टॉप’ हा शब्द. तो कुणीही उच्चारू शकतो. काल आलेला पोरगासुद्धा. तो ऐकू आला की सर्वांनी पिस्तूल टेबलावर ठेवायचे आणि मागे व्हायचे. कोण ओरडले, का ओरडले, हे नंतर. पुढचे दोन दिवस रिकाम्या पिस्तुलाने कोऱ्या पांढऱ्या कागदावर सराव, म्हणजे डोळ्याला वर्तुळाचा लोभ पडत नाही आणि तो माशीवर राहतो. छर्रे दिल्यावरही आठवडाभर कागद उलटाच लावलेला. भोके कुठे पडतात ते पाहायचे नाही, एकमेकांजवळ पडतात का एवढेच पाहायचे. उजव्या हाताला अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेलेल्या एका निवृत्त बँक अधिकारी बाई आमच्याकडे आल्या, तेव्हा काकांनी त्यांना हंगेरीच्या कारोली ताकाच यांची गोष्ट सांगितली होती: १९३८ मध्ये हातबाँबने उजवा हात निकामी झालेला हा सैनिक डाव्या हाताने शिकला आणि १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये पिस्तुलाचे सुवर्णपदक घेऊन गेला. बाईंनी डावी मूठ मागवली.

आता ती दुसरी गोष्ट.

गेल्या पावसाळ्यानंतरचा एक रविवार. काका पंचाहत्तरीचे. एका नव्या मुलाला मूठ कशी धरावी हे दाखवत होते. दाखवता दाखवता ते, पिस्तूल हातात असतानाच, मागे बसलेल्या पालकांकडे वळले. बोट चापाच्या आत होते. काहीतरी बोलले, हसले, पुन्हा पुढे वळले. पिस्तूल रिकामे होते. त्या मुलाच्या आईने ते पाहिले, मी पाहिले. आपण काय केले, हे काकांच्या लक्षात आलेले नव्हते. चाळीस वर्षे ज्या माणसाने ही एक चूक दुसऱ्यांना करू दिली नाही, त्याच्या ती लक्षातही येऊ नये, हे डॉक्टर म्हणून मला त्याच क्षणी बोचायला हवे होते. मी छर्ऱ्यांची डबी आवरत राहिले.

पुढच्या आठवड्यात काकू गुडघे दाखवायला आल्या. उठता उठता म्हणाल्या, “हल्ली दूधवाल्याला दोनदा पैसे देत्यात. परवा रंकाळ्यावरनं घराचा रस्ता चुकले. वयच झालं न्हवं.” मी मान हलवली आणि मलम लिहून दिले.

नंतर काका स्वतः आले. हातात परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद. त्यांच्या घरी स्वतःचे पॉइंट टू टू आहे हे मला ठाऊक होते. शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा दाखला हवा होता. मागच्या खेपेला तो मीच दिला होता. वाचकहो, पेन माझ्या हातात होते. बाहेर बारा रुग्ण बसलेले. सही करायला दोन सेकंद लागली असती, आणि खरे सांगते, ते दोन सेकंद मला सोपे वाटले होते.

“काका, आज सही करत नाही,” मी म्हणाले. “आधी काही तपासण्या करू.” मग त्या रविवारचे सांगितले. मुलाचे, पालकांचे, बोटाचे.

ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारले, “मी वळलो, तवा तुमी बघितलं?”

“हो.”

“मग ‘स्टॉप’ का न्हाई म्हणालात?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे होते, पण ते सांगण्यासारखे नव्हते: तुम्ही माझे गुरू, तुम्हाला चारचौघांत कसे थांबवायचे? काल आलेल्या पोराने जे केले असते ते तीस वर्षे डॉक्टरकी केलेल्या बाईला जमले नाही.

घड्याळाचे चित्र काढायला दिले. बारा आकडे त्यांनी उजव्या अर्ध्यातच दाटीने लिहिले. रक्तात बी-१२ बरेच कमी निघाले. इंजेक्शनांनी थोडा उजाळा आला, आणि आम्हा सर्वांना महिनाभर खोटी आशा वाटली. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले.

आपल्यापैकी जे घरच्या वडीलधाऱ्यांची काळजी घेतात, त्यांच्यासाठी एवढे सांगते. काकांच्या मुलाचे म्हणणे होते, पिस्तूल कपाटात कुलूपबंद ठेवू, त्यांना कळणारही नाही. मी विरोध केला. त्या घरातल्या किल्ल्यांच्या जागा काकांना चाळीस वर्षांपासून ठाऊक आहेत. माणूस कालचे विसरतो, जुने नव्हे. लपवलेले हत्यार अवेळी सापडते, रात्री गोंधळलेल्या अवस्थेत सापडते. शिवाय अशा निदानानंतर मनाला आलेली उदासी किती खोल आहे, हे शेजारच्या खोलीत झोपणाऱ्यालाही कळत नाही. अशा काळात घरात हत्यार नसावे, हा एकच सुरक्षित मार्ग. आणि निर्णय त्या व्यक्तीला समजतो आहे, तिची सही तिची आहे, तोवर तिच्याकडूनच घ्यावा. हिसकावून घेतलेल्या वस्तूचा संशय पुढे सुनेवर, कामवालीवर येतो. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात हत्यार रीतसर जमा करता येते, पावती मिळते. काकांनी अर्ज स्वतः लिहिला, सुवाच्य अक्षरात. काडतुसे मोजून दिली. दोनदा मोजली. पावती त्यांनी देवघराच्या खणात ठेवली आहे, आणि पिस्तूल कुठे गेले असे ते विचारतात तेव्हा काकू ती काढून त्यांच्याच हातची सही दाखवतात. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. कधी कधी नाही भागत. त्या दिवशी काकूंचा फोन येतो.

रेंजवर येणे मात्र थांबले नाही. क्लबमधल्या काहींनी हळूच सुचवले होते, की आता त्यांना आणू नये. प्रश्न त्यांनीच सोडवला: “माझ्या हातात कुणी हत्यार द्यायचं न्हाई. मागितलं तरी.” हे वाक्य आता फळ्यावर लिहिलेले आहे, त्यांच्याच सांगण्यावरून. ते फायरिंग लाइनच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. पावलांतले अंतर, वर चढलेला खांदा, चापावर घाई करणारे बोट हे त्यांना आजही माझ्याआधी दिसते. ती शिकवण मेंदूच्या कोणत्या कप्प्यात इतकी सुरक्षित राहिली, हे मला अजून नीट उमगलेले नाही. परवा मी चाप झटक्याने ओढला तेव्हा मागून आवाज आला, “पुंगळी भरू का रिकामी?”

गेल्या रविवारी बँकेतल्या बाई डाव्या हाताने सराव करत होत्या. काकांनी त्यांना विचारले, “चष्मा आणलाय न्हवं माशीचा?” बाईंनी पिस्तूल टेबलावर ठेवले, वळल्या आणि चष्मा काढून दाखवला. पंधरा मिनिटांनी त्यांनी पुन्हा तेच विचारले. बाईंनी पुन्हा पिस्तूल टेबलावर ठेवले, वळल्या, चष्मा काढून दाखवला. सकाळभरात तीनदा.